एक्स८६, एक्स६४, एआरएम६४, एएमडी६४... नेमकं कुठलं डाउनलोड करायचं?

पत्रिकावाली · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. गिरगावात ठाकूरद्वारला आमचं लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं असलं छापायचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. मी कॉम्प्युटर वापरणारी आहे, जाणणारी नाही, तेव्हा जरा माझ्या भाषेत सांगा.

दुकानात दोन मशिनं होती. एक म्हातारा: कोअर टू ड्युओ, विंडोज ७, त्यात जुनं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर, ज्याचा डोंगल मागे प्रिंटरच्या त्या लांबोडक्या पोर्टला खुपसलेला असतो. डोंगल काढला की सॉफ्टवेअर उघडतच नाही. दुसरं इंटेल आय५, तिसरी पिढी, विंडोज १०. आणि गेल्या आठवड्यात पुतण्याने बेंगळुरूहून आणलेला नवाकोरा लॅपटॉप. वजनाला फुलासारखा, बॅटरी दिवसभर. त्यावर स्टिकर आहे स्नॅपड्रॅगनचं. मला वाटायचं ते मोबाइलमध्ये असतं.

परवा सगळ्यांवर सेव्हन-झिप टाकायला बसले, कारण गिऱ्हाईकं फोटो झिप करून पाठवतात. त्यांच्या पानावर तीन नावं: एक्स६४, एक्स८६, एआरएम६४. मी म्हटलं ८६ मोठं, म्हणजे नवं असणार. ते लॅपटॉपवर चाललं. म्हाताऱ्यावरही चाललं. मग हुशारी करून एक्स६४ म्हाताऱ्यावर टाकायला गेले तर म्हणे ही फाइल तुमच्या विंडोजशी जुळत नाही. मग लिबर ऑफिसच्या पानावर गेले तर तिथे ‘एक्स८६_६४’ असं एकाच नावात दोन्ही. आणि पुतण्या म्हणतो म्हाताऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाक, त्याच्या फाइलचं नाव ‘एएमडी६४’. माझ्या डब्यावर तर इंटेल लिहिलंय!

हे नेमकं काय आहे?

---

आळशी_अजगर · ११:१८

रुमाल टाकून ठेवतो. गेली पंधरा वर्षं मी जे सगळ्यात वर असतं त्यावर क्लिक करतो. दहापैकी आठदा चालतं. उरलेल्या दोनदा भावाला फोन.

---

पेंग्विनदादा · ११:५५

ताई, घोळ तुमचा नाही, नावं ठेवणाऱ्यांचा आहे. आधी बारसं समजून घ्या, अर्धं काम तिथेच होईल.

इंटेलने १९७८ मध्ये ८०८६ नावाची चिप काढली. मग ८०१८६, ८०२८६, १९८५ ला ८०३८६. सगळ्यांच्या शेपटीला ८६, म्हणून घराण्याचं नाव पडलं एक्स८६. ३८६ पासून हे घराणं ३२ बिटचं झालं. त्यामुळे डाउनलोडच्या पानावर नुसतं ‘एक्स८६’ दिसलं तर त्याचा अर्थ ३२ बिट. लिनक्सवाले त्यालाच आय३८६ किंवा आय६८६ म्हणतात. म्हणजे तुमच्या यादीतलं ८६ हे मोठं नाही, सगळ्यात जुनं आहे.

पुढे ६४ बिटची वेळ आली तेव्हा इंटेलने वेगळाच डाव मांडला. एचपीच्या साथीने इटॅनियम नावाची अगदी नव्या घडणीची चिप केली, ती २००१ मध्ये आली. तिच्यावर जुने प्रोग्रॅम रखडत चालायचे. तोवर एएमडीने काय केलं, जुन्या एक्स८६ लाच ६४ बिटचा वरचा मजला चढवला. खालचा मजला तसाच, जुने भाडेकरू तसेच. २००३ मध्ये त्यांचे ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ बाजारात आले आणि लोकांनी तेच उचलून धरलं. २००४ मध्ये इंटेलनेही मुकाट्याने तीच पद्धत घेतली. पण पाळण्यातलं नाव एएमडी६४ पडलं ते पडलं. डेबियन, उबुंटू हे लिनक्सवाले आजही तेच लिहितात. फार काय, तुमच्या इंटेलवाल्या विंडोजलाही आतून विचारलंत तर ते स्वतःला एएमडी६४ च सांगतं.

तर एएमडी६४, एक्स६४, एक्स८६_६४, एक्स८६-६४ ही चारही एकाच माणसाची नावं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर एक, घरी बंड्या.

एआरएम हे घराणंच वेगळं. आडनाव वेगळं, भाषा वेगळी. मोबाइलमध्ये तेच, रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरमध्ये तेच, अ‍ॅपलच्या एम१ पासूनच्या मॅकमध्ये तेच आणि तुमच्या पुतण्याने आणलेल्या लॅपटॉपमध्येही तेच. एआरएम६४ आणि आर्च६४ (इंग्रजीत ‘आर्च’च्या आधी आणखी एक ‘ए’) हे एकच.

तुमच्या लॅपटॉपला हवं होतं एआरएम६४. एक्स८६ चाललं कारण विंडोज आत दुभाषी बसवतं. त्यावर उद्या लिहितो, आता डोळे मिटतायत.

---

निवृत्त_मोटरमन · मंगळवार, सकाळी ६:२०

पेंग्विनदादांनी बारसं सांगितलं, मी रेल्वेच्या भाषेत सांगतो. आयुष्य त्यातच गेलं.

३२ बिटचा प्रोग्रॅम म्हणजे १२ डब्यांची लोकल. ६४ बिटचा म्हणजे १५ डब्यांची. १५ डब्यांच्या प्लॅटफॉर्मवर १२ डब्यांची गाडी उभी राहते, काही अडत नाही, थोडी जागा रिकामी राहते एवढंच. पण १२ डब्यांच्या प्लॅटफॉर्मवर १५ डब्यांची आणाल तर मागची माणसं रुळावर उतरतील. म्हणून ६४ च्या विंडोजवर ३२ चा प्रोग्रॅम चालतो, ३२ च्या विंडोजवर ६४ चा चालत नाही. ताईंच्या म्हाताऱ्याने नकार दिला तो यासाठी.

एआरएम म्हणजे मात्र मोनोरेल. तिथे डबे किती हा प्रश्नच नाही, रूळच वेगळा.

अवांतर: आपल्याकडे लोकलचा वीजपुरवठा १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर नेला. पश्चिम मार्ग २०१२ ला पूर्ण झाला, हार्बर सर्वात शेवटी, २०१६ ला. मधल्या काळात अर्ध्या मार्गावर एक दाब, अर्ध्यावर दुसरा. तेव्हा दोन्हीवर चालणारे एसी-डीसी रेक होते. एकाच गाडीत दोन्ही सोयी. गाडी महाग पडायची, पण प्रवाशाला कळायचंही नाही कुठे दाब बदलला.

---

सफरचंद_पार्ला · ९:०२

मोटरमनकाका, दंडवत! मॅकवर जे ‘युनिव्हर्सल’ अ‍ॅप मिळतं ते अगदी तुमचा एसी-डीसी रेक. एकाच फाइलमध्ये इंटेलचा कोड आणि एआरएमचा कोड दोन्ही. आकाराने मोठी, पण विचार करायला नको. माझी मॅकची रड संध्याकाळी लिहिते, आत्ता गाडी पकडायचीय.

---

लॅमिंग्टन_रिटर्न · ११:३०

एवढं किचकट कशाला करता? सरळ सगळीकडे ६४ टाका. ३२ पेक्षा डबल स्पीड. ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानदाराला विचारा, तीनशे-चारशे रुपयांत विंडोज ६४ टाकून देईल.

---

गणित_मॅडम · दुपारी १:१५

‘डबल स्पीड’ वाचून राहवलं नाही. ३२ आणि ६४ हा वेगाचा आकडा नाही, पत्त्याच्या लांबीचा आहे. चाळीत खोलीला नंबर द्यायचा आणि नंबर दोनच आकडी लिहायची मुभा असेल तर ०० ते ९९, शंभरच खोल्या होतील. बिट म्हणजे ० किंवा १ लिहायचं एक घर. तसं ३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात. एकेका पत्त्याला एक बाइट. झाले ४ जीबी.

त्यातही ग्राफिक्स कार्ड वगैरे मंडळी वरचे पत्ते अडवून बसतात, म्हणून ३२ बिटच्या विंडोजमध्ये ४ जीबी रॅम लावली तरी सव्वातीन-साडेतीनच्या आसपास दिसते. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये यावरून पुरवठादाराशी भांडण झालं होतं, की तू कमी रॅम दिलीस. बिचारा खरा होता. शिवाय त्या विंडोजमध्ये एकेका प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारण २ जीबीच येते.

---

पेंग्विनदादा · १:४०

मॅडमशी सहमत, आणि लॅमिंग्टनभाऊंशी नाही. ६४ बिटमध्ये प्रोसेसरच्या हाताशी असलेली रजिस्टरं (आकडे ठेवायचे कप्पे) ८ ची १६ होतात, त्यामुळे काही कामं (व्हिडिओ, झिप, एन्क्रिप्शन) जलद होतात हे खरं. पण पत्ते लांबले की प्रत्येक पत्ता लिहायला दुप्पट जागा लागते. २ जीबी रॅमच्या जुन्या मशिनवर ६४ बिट टाकलं की उलट धाप लागते. ताईंच्या म्हाताऱ्याला तर अजिबात हात लावू नका, कारण डोंगल.

---

लॅमिंग्टन_रिटर्न · १:५२

डोंगलचा काय संबंध? कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे. मी स्वतः कितीतरी मशिनांवर टाकून दिलंय.

---

टॅक्स_आणि_टोकन · २:३०

डोंगलचाच संबंध आहे साहेब. मी फोर्टात सीएच्या ऑफिसात आहे, आमचं निम्मं आयुष्य डिजिटल सहीची यूएसबी टोकन आणि त्यांचे ड्रायव्हर (असल्या उपकरणाशी विंडोजची गाठ घालून देणारी फाइल) यांत गेलं. जरा सविस्तर लिहितो, कारण या धाग्यावर सगळे प्रोग्रॅमबद्दलच बोलतायत आणि प्रोग्रॅम हा फार सोशिक प्राणी आहे. खरी अडवणूक दुसरीकडे होते.

विंडोज ६४ असलं तरी ३२ चा प्रोग्रॅम चालवून घेतं. पण ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो आणि गाभाऱ्यात सोवळं कडक असतं. ६४ च्या विंडोजला ६४ चाच ड्रायव्हर, एआरएमच्या विंडोजला एआरएमचाच. तिथे दुभाषी चालत नाही. शिवाय व्हिस्टापासून पुढे ६४ बिटच्या विंडोजला ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. जुन्या पॅरलल पोर्टच्या (तुमचा तो लांबोडका) डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर सही करून कोणी दिला असेल तर तुमचं नशीब. म्हाताऱ्यावर ६४ टाकाल, विंडोज छान उघडेल, मराठी सॉफ्टवेअरही बसेल, आणि मग म्हणेल डोंगल सापडत नाही. लग्नसराईच्या तोंडावर.

दुसरं सोवळं एका प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रॅमच्या आतलं. एकाच प्रोसेसमध्ये ३२ आणि ६४ एका पंगतीला बसत नाहीत. ६४ बिटच्या एक्सेलमध्ये ३२ बिटचं अ‍ॅड-इन (वरून जोडलेला पुरवणी प्रोग्रॅम) दिसणारही नाही. आमच्याकडे एका जुन्या भागीदारांनी लिहिलेला मॅक्रो (एक्सेलच्या आतला छोटा प्रोग्रॅम) होता, विंडोजची फंक्शनं थेट हाकणारा. ऑफिस ६४ बिटचं आल्या दिवशी त्याने मान टाकली. त्यातल्या प्रत्येक ‘डिक्लेअर’ ओळीत ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द घालत मी एक शनिवार काढला. ऑफिस २०१९ पासून आपणहून ६४ बिटच बसतं. ज्यांच्याकडे जुनी अ‍ॅड-इन आहेत त्यांनी इन्स्टॉल करण्याआधी मुद्दाम ३२ निवडावं, त्यात कमीपणा काही नाही.

आणि विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यातलं काही असेल (मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांकडे फॉक्सप्रोमध्ये करून घेतलेले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून दिसतात), तर तो १६ बिटचा मामला. ३२ च्या विंडोजमध्ये त्याच्यासाठी सोय होती, ६४ च्या विंडोजमध्ये ती काढूनच टाकली. मग डॉसबॉक्स किंवा व्हीडॉससारखं काहीतरी घ्यावं लागतं.

---

आळशी_अजगर · २:३८

मॅक्रो शनिवारी दुरुस्त करणारा माणूस मी प्रथमच पाहतोय. साष्टांग.

---

पत्रिकावाली · संध्याकाळी ७:४५

बाई गं, बरं झालं विचारलं. पुतण्या रविवारी येऊन म्हाताऱ्यावर ६४ टाकणार होता.

दोन शंका. एक, कुठल्या मशिनवर काय आहे हे बघायचं कुठे? दोन, आमचा जुना लेझर प्रिंटर नव्या लॅपटॉपला यूएसबीने जोडला तर विंडोज फक्त ‘अननोन’ म्हणतं. कंपनीच्या सीडीतलं सेटअप चालवलं, ते सगळे टप्पे पार करतं, ‘फिनिश’ म्हणतं आणि प्रिंटर काही येत नाही. हा तोच ड्रायव्हरचा प्रकार का?

---

टॅक्स_आणि_टोकन · ८:०५

तोच. सेटअप हा प्रोग्रॅम आहे, म्हणून दुभाष्याच्या मदतीने शेवटपर्यंत गेला. त्याच्या पोटातला ड्रायव्हर एक्स६४ चा, तो दाराशीच अडला. प्रिंटर वायफायवाला आणि गेल्या काही वर्षांतला असेल तर विंडोजमधल्या आयत्या, सगळ्या कंपन्यांना चालणाऱ्या आयपीपी ड्रायव्हरवर चालतो, कंपनीचं काही टाकावंच लागत नाही. जुन्या यूएसबीवाल्याला एआरएमचा ड्रायव्हर कंपनीने दिला नसेल तर विषय संपला. लॅपटॉपवर पीडीएफ करा, आय५ वरून छापा.

---

पेंग्विनदादा · ८:३०

पहिल्या शंकेचं उत्तर. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, सगळ्यात खाली अबाउट. तिथे ‘सिस्टिम टाइप’ नावाची एकच ओळ वाचा, पण पूर्ण वाचा. तिचे दोन तुकडे असतात. पहिला ऑपरेटिंग सिस्टिम किती बिटची ते सांगतो, दुसरा प्रोसेसर कुठला ते. ‘६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ हे तुमच्या आय५ वर दिसायला हवं. लॅपटॉपवर शेवटी ‘एआरएम-बेस्ड’ असेल. कुठे ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ दिसलं तर समजा की चिप ६४ ची आहे पण दुकानदाराने विंडोज ३२ चं टाकलंय. अशा मशिनला प्रोग्रॅम ३२ चेच घालायचे. डाउनलोड करताना ३२ की ६४ हे पहिल्या तुकड्यावरून ठरवायचं, दुसऱ्यावरून फक्त घराणं, एक्स८६ की एआरएम. बहुतेक लोक इथेच चुकतात: गूगलवर प्रोसेसरचं नाव टाकतात, ६४ बिट असं उत्तर येतं, आणि ६४ ची फाइल घेऊन येतात.

विंडोज ७ मध्ये कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. पण तिथे फक्त विंडोजचे बिट कळतात, चिपचे नाही.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘युनेम’ लिहून एक जागा सोडा, मग डॅश आणि छोटा एम. एकच शब्द उत्तर येतं.

आता दुभाषी. तुमच्या लॅपटॉपवरच्या विंडोज ११ मध्ये त्याचं नाव प्रिझम, २०२४ च्या आवृत्तीपासून. एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही भाषा समजून एआरएममध्ये सांगतो. एआरएमवरच्या विंडोज १० ला फक्त ३२ ची भाषा यायची. पण दुभाषी म्हटला की थोडा वेळ आणि थोडी बॅटरी खाणारच. म्हणून एआरएम६४ ची फाइल असेल तर ती घ्यायची, नसेल तर एक्स६४, तीही नसली तर एक्स८६. लॅपटॉपवरचं सेव्हन-झिप काढून एआरएम६४ चं टाका, मोठी फाइल उघडताना फरक कळेल.

---

सफरचंद_पार्ला · ९:४०

आता माझी रड. मी व्हिडिओ एडिटिंग करते, एम१ एअर आहे. जुना इंटेल मॅक होता, त्यावरून मायग्रेशन असिस्टंटने सगळं आयतं नव्यात आणलं. सगळं म्हणजे सगळं. इंटेलची अ‍ॅपसुद्धा. दीड वर्ष मला वाटत होतं की एम१ चं एवढं कौतुक करतात, माझा का तापतो? मग ऑफिसातल्या एकाने अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ‘काइंड’ नावाचा रकाना दाखवला. तिथे प्रत्येक अ‍ॅपपुढे ‘अ‍ॅपल’ किंवा ‘इंटेल’ लिहिलेलं असतं. माझ्याकडे निम्म्या यादीपुढे इंटेल. सगळं रोझेटा २ म्हणजे मॅकवाल्या दुभाष्यामार्फत चाललं होतं. एडिटर काढून अ‍ॅपल सिलिकॉनवाला टाकला त्या रात्री पंखा शोधत होते, आवाज कसा नाही म्हणून. मग आठवलं, एअरला पंखाच नसतो.

मॅकवाल्यांनी ‘अबाउट धिस मॅक’ उघडावं. ‘चिप’ असं लिहिलं असेल तर एम मालिका, ‘प्रोसेसर’ लिहिलं असेल तर इंटेल. टर्मिनलवर फार विसंबू नका. टर्मिनलच रोझेटात उघडलेलं असेल तर तो एम१ वरसुद्धा बेधडक एक्स८६_६४ सांगतो. होमब्रू (टर्मिनलमधून प्रोग्रॅम बसवायचं साधन) वापरणाऱ्यांनी ते कुठल्या फोल्डरात बसलंय ते बघावं: एम मालिकेवर ‘ऑप्ट’च्या आत, इंटेलवर ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’मध्ये. माझ्याकडे दोन्हीकडे होतं, एकाच वेळी.

मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिट पूर्ण बंद आहे, आणि अ‍ॅपलने २०२५ मध्ये सांगून टाकलंय की टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आणि रोझेटाही आणखी एखादी आवृत्तीच सर्वसाधारण कामाला राहील. तेव्हा जी इंटेल अ‍ॅप उरलीत ती आत्ताच हुडकून ठेवा.

---

बोरिवली_स्लो · बुधवार, सकाळी ८:१५ (गाडीतून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या)

पेंग्विनदादांच्या दोन तुकड्यांत तिसरा तुकडा जोडतो. २०१४ च्या सुमाराचा एक छोटा टॅब्लेट-लॅपटॉप होता, अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम. चिप ६४ ची. त्यात लिनक्सचं एएमडी६४ टाकायला पेन ड्राइव्ह लावला. मशीन त्याला ओळखच देईना. चार पेन ड्राइव्ह बदलले, दोन रात्री गेल्या, बायकोने विचारलं हा कुठला नवा देव. शेवटी कळलं की चिप ६४, पण मशीन सुरू करणारा युईएफआय ३२ बिटचा! त्या काळच्या बऱ्याच स्वस्त मशिनांत असं होतं. पेन ड्राइव्हवर ३२ बिटची बूट फाइल वेगळी ठेवली तेव्हा गाडी हलली. आत ६४ चं लिनक्स मजेत चालतं.

कांदिवली आली, पुढचं नंतर.

---

पेंग्विनदादा · ११:००

बोरिवलीकर, त्या प्रकाराने माझेही केस गेलेत.

जुन्या मशिनवर लिनक्स टाकणाऱ्यांसाठी थोडं. खरोखर ३२ बिटची चिप असेल तर दुकानं बंद होत चाललीत. उबुंटूने डेस्कटॉपची ३२ बिटची सीडी २०१७ मध्ये थांबवली, डेबियन १३ म्हणजे २०२५ पासून त्यांचा ३२ बिटचा इन्स्टॉलरही नाही. विंडोज ११ तर जन्मापासून ६४ च.

आणि ६४ मध्येही आता पोटजाती निघाल्यात. रेड हॅट नावाच्या लिनक्सच्या ९ ला एक्स८६-६४ ची दुसरी पायरी लागते, १० ला तिसरी. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीला एसएसई ४.२ हा चिपमधला आज्ञांचा संच लागतो, जो कोअर टू ड्युओमध्ये नाही. म्हणजे कोणी युक्ती करून म्हाताऱ्यावर विंडोज ११ टाकायला निघाला तर तो सुरूच होणार नाही. एव्हीएक्स हा तसलाच दुसरा संच नसलेल्या चिपवर टेन्सरफ्लोची (एआयचं सॉफ्टवेअर) आयती फाइल चालवली की ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडते, २०१८ मधल्या १.६ पासून. बिट बरोबर, घराणं बरोबर, तरी नाही. अशा वेळी मशीन बिघडलं असं समजून रॅम बदलू नका. मी बदलली होती.

---

आळशी_अजगर · ११:२०

मोबाइलचं पण सांगा कोणीतरी. एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) घेताना तिथेही हीच जत्रा असते.

---

पेंग्विनदादा · ११:३५

प्ले स्टोअरवरून घे, ते आपणहून योग्य ते देतं. बाहेरून घेणं मुळात धोक्याचं. घ्यायचंच असेल तर ‘एआरएम६४-व्ही८ए’ ६४ चं, ‘आर्मईएबीआय-व्ही७ए’ ३२ चं. काही स्वस्त फोनांत चिप ६४ ची आणि आत अँड्रॉइड ३२ चं असतं, म्हणजे ताईंच्या दुकानातलाच प्रकार.

---

लॅमिंग्टन_रिटर्न · दुपारी १२:१०

मान्य, डोंगलचं माझ्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे गेमिंगवाली पोरं येतात, डोंगलवालं गिऱ्हाईक वर्षात एखादं. पण ताई, एक सांगतो. तो म्हातारा ज्या दिवशी मदरबोर्डने जाईल त्या दिवशी पॅरलल पोर्टवाला बोर्ड लॅमिंग्टन रोडवरसुद्धा हुडकत फिरावं लागेल. आत्ताच एक जुना सुटा बोर्ड घेऊन ठेवा. आणि हार्ड डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत काढून आय५ वर ठेवा. डोंगल यूएसबीचा असता तर आय५ मध्येच व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत लटका कॉम्प्युटर) करून त्यात ३२ बिटचं विंडोज ७ बसवता आलं असतं. नव्या लॅपटॉपवर तेही नाही, कारण एआरएमवर एक्स८६ चं विंडोज व्हर्च्युअलमध्ये नीट चालत नाही, पूर्ण नक्कल करावी लागते आणि ती गोगलगाय असते.

---

गणित_मॅडम · १२:४०

लॅमिंग्टनभाऊ, डोंगलची चूक मान्य केल्याबद्दल वहीवर लाल ‘छान’.

एक गंमत राहिली. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ‘सिसवाव६४’ फोल्डरात ३२ बिटच्या. मुलं विचारतात तेव्हा मी घंटा व्हायची वाट बघते.

---

पत्रिकावाली · रविवार, रात्री १०:२०

उशिरा लिहितेय, एका लग्नाचं काम होतं.

पुतण्या आला, त्याला हा धागा वाचायला दिला. मग आम्ही तिन्ही मशिनांवर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं. म्हाताऱ्यावर ‘३२, एक्स८६, डोंगल, हात लावू नये’. आय५ वर ‘६४, एक्स६४’. लॅपटॉपवर ‘एआरएम६४’. सासऱ्यांनी विचारलं, ही रेशनकार्डं कसली?

म्हाताऱ्याची इंटरनेटची वायर काढून टाकली. विंडोज ७ चे अपडेट कधीचेच बंद आहेत, त्यामुळे तो आता फक्त जुन्या पत्रिकांचे मजकूर उघडायला. डिस्कची इमेज काढली. टोकनवाल्या भाऊंनी सांगितलं तसं लॅपटॉपवरून पीडीएफ, आय५ वरून छपाई. लिबर ऑफिस आय५ वर एक्स८६_६४ आणि लॅपटॉपवर आर्च६४ वालं टाकलं, दोन्ही पहिल्या झटक्यात बसलं. घरच्या वायफाय प्रिंटरला लॅपटॉपने स्वतःहून ओळखलं, काही न टाकता.

जुन्या पत्रिकांचा मजकूर जुन्या फॉन्टात आहे, तो युनिकोडमध्ये काढायचं काम हळूहळू घेतलंय. रफार आणि अर्धा र कन्व्हर्टरमधून नीट येत नाहीत, ‘आशीर्वाद’चं भलतंच काहीतरी होतं. लग्नपत्रिकेत आशीर्वादच चुकला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? यावर कोणाचा अनुभव असेल तर सांगा. की वेगळा धागा काढू?

---

टॅक्स_आणि_टोकन · १०:४१

वेगळा काढा. रफारावर लोक दोनशे प्रतिसाद देतील.

---

आळशी_अजगर · १०:४४

‘हात लावू नये’ची चिकटपट्टी मलाही करायचीय. भावाच्या फोनवर लावतो.